चिंबोरीचा पिंजरा: दार कसे, आमिष कुठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे खाडीतल्या चिंबोरीच्या पिंजऱ्यांबद्दल आहेत. उत्तर कोकणातल्या वाचकांची चिंबोरी आणि सिंधुदुर्गातल्या वाचकांची कुर्ली इथे एकच समजावी: कांदळवनाच्या चिखलात राहणारी, जाड नांग्यांची, बाजारात जिवंत विकली जाणारी. समुद्रातल्या ठिपकेवाल्या चिंबोऱ्यांना यातले सगळेच नियम लागू होत नाहीत.

प्रश्न: ६० × ४५ × २० सेंमीचे, दोन बाजूंना दारे असलेले घडीचे दहा पिंजरे घेतले. आमिष रोज संपते, पण कुर्ली एखाददुसरीच मिळते. आणखी पिंजरे घ्यावेत का?
— वाचक, वेंगुर्ले

आणखी पिंजरे घेऊ नका. आमिष संपते आहे म्हणजे खाणारे तिथे पोहोचत आहेत. ते आत का राहत नाहीत, हे आधी शोधायला हवे. आमिष तीन प्रकारे जाते: कुर्ली बाहेरूनच ओढून खाते, आत येऊन खाऊन परत निघून जाते, किंवा बारीक मासे आणि केंड (अंग फुगवणारा, धारदार दातांचा मासा) ते संपवतात. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

आमिष बाजूच्या जाळीला टेकले असेल तर कुर्लीला आत यायचे कारणच उरत नाही. जाळीतून नांगी घालून ती तुकडे तोडून नेते. आमिष पिंजऱ्याच्या बरोबर मध्यभागी, तळापासून चार-पाच बोटे वर, वरच्या सळईला बांधून लटकवा आणि खालूनही एका दोरीने ओढून घ्या, म्हणजे प्रवाहात झोके घेऊन ते भिंतीकडे जाणार नाही. चारही बाजूंना निदान १५ सेंमी अंतर राहिले पाहिजे. एका पिंजऱ्याला १५० ते २०० ग्रॅम आमिष पुरते. त्यातले अर्धे उघडे बांधा आणि अर्धे बारीक छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा. उघडे आमिष आलेल्या कुर्लीला गुंतवून ठेवते. बरणीतले कोणाला खाता येत नाही, त्यामुळे वास चालू राहतो. उघडे आमिष संपले, बरणीतले जसेच्या तसे आहे आणि पिंजरा रिकामा आहे, असे दिसले तर पुढचा संशय दारावर घ्या.

दाराबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कुर्ली आडवी चालते. आत शिरताना तिची पाठीची रुंदी आडवी येत नाही. दारातून जातो तो तिचा पुढून मागचा भाग आणि अंगाची जाडी. म्हणून तिला गोल भोकापेक्षा रुंद आणि बसकी फट सोयीची पडते. घडीच्या पिंजऱ्यात दोन उतरत्या जाळ्या आत येऊन एकमेकींना टेकतात, तीच ही फट. त्यात हमखास होणारे बिघाड असे:

पहिला बिघाड ढिल्या चढणीचा. दाराच्या बाहेरच्या कडेपासून फटीपर्यंतची जाळी ढोलकीइतकी नसली तरी बऱ्यापैकी ताणलेली हवी. ती लोंबली की कुर्ली खळग्यात अडकते आणि मागे फिरते. चढण ३० ते ४० अंशांची ठेवा. उभी चढण असेल तर लहान कुर्ल्या चढतात आणि वजनदार मागे फिरतात.

दुसरा बिघाड चढणीच्या जाळीचा. पिंजऱ्याच्या अंगाला ४० ते ५० मिमीचे आस (जाळीची भोके) चालतात, पण चढणीला तेच वापरले तर पायांची टोके आसांतून खाली जातात. कुर्ली एक पाय काढते, दुसरा रुतवते, आणि आमिषाचा वास कितीही आला तरी वैतागून निघून जाते. चढणीला २५ मिमीच्या आतलीच जाळी लावा. नवी जाळी नको असेल तर आहे त्या चढणीवर जुन्या बारीक जाळीचा तुकडा शिवा. एवढ्या एका दुरुस्तीने पिंजरा सुधारतो असा अनुभव सर्रास येतो.

तिसरा बिघाड फटीच्या ताणाचा. दोन्ही जाळ्यांची टोके समोरच्या बाजूला दोरीने ओढलेली असतात. या दोऱ्या काही दिवसांत सैल पडतात, फट तोंड वासून राहते आणि आलेली कुर्ली आली तशी जाते. उलट, फार ताणल्या तर फट उघडतच नाही. तपासायचे कसे? हाताचा पंजा आडवा धरून बाहेरून ढकला. तो सहज आत जायला हवा आणि काढल्यावर फट आपोआप मिटायला हवी. दर खेपेला पिंजरा टाकण्याआधी ही तपासणी करा.

आता पिंजरा टाकण्याची दिशा. वास पाण्याबरोबर वाहत जातो आणि कुर्ली त्या वासाच्या मागावर प्रवाहाच्या उलट चालत येते. म्हणजे प्रवाह पिंजऱ्यावरून ज्या बाजूला वाहत जातो त्या, खालच्या अंगाने ती नेहमी येते. दार त्याच बाजूला असेल तर ती थेट दारावर येते. पिंजरा आडवा पडला असेल तर ती बिनदाराच्या भिंतीशी पोहोचते आणि तिथेच जाळी ओरबाडत बसते. खाडीत भरती-ओहोटीला प्रवाह उलटतो, म्हणून दोन दारांचा पिंजरा प्रवाहाच्या रेषेत ठेवायचा: एक दार वरच्या अंगाला, एक खालच्या. दोरी पिंजऱ्याच्या मध्यावर न बांधता एका दाराच्या वरच्या सळईला बांधली, तर पिंजरा टाकताना प्रवाह त्याला आपोआप सरळ करतो.

उधाणाच्या दिवसांत पिंजरा लोळतो. लोळलेल्या पिंजऱ्याचे दार वर जाते आणि त्यात काही येत नाही. दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या किलोचे वजन आतल्या बाजूने, तळाला घट्ट बांधा. सैल दगड टाकला तर तो फटीवर जाऊन बसतो. दोन पिंजऱ्यांत २५-३० मीटरचे अंतर सोडा, नाहीतर एकाचा वास दुसऱ्याच्या वासात मिसळतो.

प्रश्न: फग जास्त चांगले की पिंजरे? आमच्याकडे पूर्वीपासून फगच लावतात.
— वाचक, उरण तालुका

दोन्हींचे काम वेगळे. फग म्हणजे लोखंडी कडे, त्याला जाळीची झोळी आणि मध्ये आमिष. फगात चिंबोरीला कोंडणारे काहीच नसते, ती खाते तेवढा वेळच तिथे असते. म्हणून फगाला सतत माणूस लागतो: होडी, आठ-दहा फग आणि दर १५-२० मिनिटांनी फेरी. पिंजरा रात्रभर एकटा काम करतो. तुमच्या हाताशी वेळ असेल आणि जागा चांगली माहीत असेल तर फगाने दोन-तीन तासांत जे मिळते ते पिंजऱ्याच्या रात्रीएवढे असू शकते. शिवाय चिंबोऱ्या आत एकमेकींशी भांडून नांग्या मोडत नाहीत. नांगी मोडलेल्या मालाला बाजारात काय भाव येतो, ते उरणकरांना आम्ही सांगायला नको.

नवा फग बांधणार असाल तर ५५ सेंमी व्यासाच्या कड्याला ८ मिमीची सळई १ मीटर ७३ सेंमी लागते. जोडासाठी ५ सेंमी जादा घ्या. वजन सुमारे ७०० ग्रॅम भरते. ते साध्या ओढीच्या पाण्यात पुरते, उधाणात कमी पडते. झोळी १५ ते २० सेंमी खोल ठेवा. कमी खोल असेल तर उचलताना चिंबोरी कडेवरून उतरते. जास्त खोल असेल तर तळावर सपाट न पसरता तिचा गोळा होतो आणि चिंबोरी आमिषावर यायला बिचकते. कड्याला तीन सारख्या दोऱ्या बांधा, दोन गाठींत कड्यावरून ५८ सेंमी अंतर येते. एक दोरी बोटभर जरी लहान राहिली तरी फग तिरका वर येतो आणि खालच्या बाजूने माल निसटतो. तिन्ही दोऱ्या जिथे मिळतात तिथे मुठीएवढा बोया बांधा, म्हणजे दोऱ्या आमिषावर पडून राहणार नाहीत.

उचलताना आधी दोरीतला ढील हळू काढून घ्या. कडे हलू द्यायचे नाही. मग एकाच ओढीत, हात न थांबवता, पाण्यावर आणा. मध्ये हात बदलताना क्षणभर थांबलात तर पाण्याचा दाब सुटतो आणि चिंबोरी पोहून बाहेर पडते.

प्रश्न: पिंजऱ्यात लहान कुर्ल्या फार येतात. मोठ्या त्यांना मारतात. परत सोडायच्याच असतात, पण तोवर निम्म्यांचे पाय गेलेले असतात.
— वाचक, मालवण

पिंजऱ्यालाच लहान कुर्ल्यांसाठी वाट ठेवा. उत्तर ऑस्ट्रेलियात याच जातीच्या चिंबोरीसाठी हे करतात. त्याच देशातल्या क्वीन्सलँडमध्ये तर १५ सेंमीपेक्षा कमी रुंदीची चिंबोरी ठेवताच येत नाही, मादी अजिबात नाही; त्यामुळे लहान माल पिंजऱ्यातून स्वतःहून निघून जाणे तिथल्या मच्छीमारालाच सोयीचे असते.

मापाचा हिशेब असा. चिखलातल्या चिंबोरीची पुढून मागे लांबी पाठीच्या रुंदीच्या साधारण दोन-तृतीयांशाहून थोडी जास्त आणि जाडी रुंदीच्या दोन-पंचमांशाच्या आसपास असते. १० सेंमी रुंद चिंबोरी म्हणजे सुमारे ६८ मिमी लांब आणि ४० मिमी जाड. १२ सेंमीची म्हणजे सुमारे ८२ मिमी लांब आणि ४८ मिमी जाड. आडवी चालत बाहेर पडताना तिला तेवढीच खिडकी लागते. १२ सेंमीपर्यंतच्या जाव्यात आणि त्यावरच्या राहाव्यात असे हवे असेल तर १२० मिमी रुंद आणि ५० मिमी उंच खिडकी चालते. इथे उंची महत्त्वाची, कारण अडवते ती जाडी. उंची ५५ मिमी झाली की १३ सेंमीची चिंबोरीही जाईल. तुमच्या खाडीत लहान अंगाची, लालसर नांग्यांची जात जास्त असेल तर खिडकी ४२-४५ मिमीवर आणा, नाहीतर विकण्याजोगा मालही जाईल. आधी हव्या त्या आकाराची एक चिंबोरी, नांग्या बांधून, खिडकीतून ढकलून पाहा.

खिडकी नुसती जाळी कापून करू नका. जाळी ताणली जाते आणि माप राहत नाही. ५ मिमीच्या सळईची किंवा जाड प्लास्टिकच्या पत्र्याची चौकट करून शिवा. जागा तळाला लागून, कोपऱ्याजवळ, बिनदाराच्या दोन्ही बाजूंना. अडकलेली चिंबोरी भिंतीला चिकटून तळाने फिरत राहते. तळापासून चार बोटे वर बसवलेली खिडकी तिला सापडतच नाही. अशी चूक केलेले पिंजरे पुष्कळ दिसतात, आणि मग खिडकीचा उपयोग नाही असा बोलबाला होतो.

खिडकीचा दुसरा फायदा लगेच दिसत नाही. आत चार-पाच चिंबोऱ्या झाल्या की बाहेरच्या दाराशीच घुटमळतात. एखादा मोठा नर आत असला तर लहान तर सोडाच, मध्यमही बिचकतात. लहान निघून गेल्या की पिंजऱ्यात जागा राहते.

प्रश्न: पिंजरे दोन-दोन दिवस पाण्यात ठेवले तर डिझेल वाचेल. चालेल का?
— वाचक, दापोली तालुका

डिझेल वाचेल, माल वाचणार नाही. आमिषाचा खरा जोर पहिले काही तास असतो. आपल्या खाडीच्या कोमट पाण्यात दुसऱ्या दिवशी ते धुऊन निघालेले असते. त्यानंतर नवे काही येत नाही, आतले बाहेरची वाट शोधू लागतात किंवा एकमेकांना खातात. भरतीआधी संध्याकाळी टाका, पहाटे उचला. मुशीचे (लहान शार्कचे) तुकडे घट्ट राहतात आणि जास्त टिकतात. तारली-बांगड्याचा वास लांब जातो पण ते लवकर विरते. दोन्ही मिसळून बांधायला हरकत नाही. आमिष ताजे हवे. सडके मांस चिंबोरीला आवडते ही समजूत आमच्या मते पिंजऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान करते.

ओहोटीला पिंजरा उघडा पडता कामा नये. सुकती पूर्ण झाल्यावर त्यावर गुडघाभर पाणी राहील अशीच जागा धरा. आणि दोरी मोजून घ्या: सिंधुदुर्गात उधाणाला पाण्याच्या पातळीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, मुंबई-रायगडकडे तो पाच मीटरपर्यंत जातो. पूर्ण भरतीच्या खोलीच्या दीडपट दोरी हवी, नाहीतर बोया बुडतो आणि पिंजरा हरवला असे वाटते.

प्रश्न: जाळीला रोज नवी भोके. कोण करते?
— वाचक, रत्नागिरी

भोकाचा आकार पाहा. कातरल्यासारखा अर्धगोल, स्वच्छ चावा असेल तर केंड. कोपऱ्याजवळ आतून एकेक धागा तोडत गेलेली रांग असेल तर चिंबोरीच. मोठे फाटलेले भगदाड असेल आणि आमिषाची बरणीही गायब असेल तर पाणमांजर. पहिल्या दोघांसाठी जाड, पीळदार दोऱ्याची जाळी घ्या, दीड मिमीच्या आसपासची. एकेरी तंगूस (एकाच तंतूचा नायलॉन दोरा) कधीच नको. पाणमांजराचा वावर असलेल्या जागी मात्र पिंजरे रात्रभर ठेवूच नका. ते आत शिरले आणि वर यायला वाट नसली तर बुडून मरते, आणि ते कायद्याने संरक्षित आहे.

प्रश्न: लोखंडी जाळीचा पिंजरा एका हंगामात गंजतो.
— वाचक, श्रीवर्धन

बहुधा तुम्ही जस्ताच्या मुलाम्याची जाळी स्टेनलेसच्या तारेने बांधली आहे. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू टेकले की त्यातला लवकर गंजणारा धातू, इथे जस्त, झपाट्याने खाल्ला जातो, म्हणून गंज जोडांपासून सुरू होतो. बांधायला त्याच धातूची तार किंवा दोरा वापरा. वेल्डिंगने मुलामा जळतो. त्या जागी जस्ताचा रंग मारा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, आणि सावलीत वाळवा, कारण उन्हात जाळीचा दोरा कुजका होतो.

प्रश्न: पिंजऱ्यात येणाऱ्या कुर्ल्या पोकळ निघतात. पिंजऱ्याचा दोष का?
— वाचक, देवगड

थोडा आहे, पण बांधणीचा नाही. कवच टाकण्याच्या सुमारास चिंबोरी खात नाही, म्हणून पिंजऱ्यात येत नाही. नवे कवच जरा टणक झाले की तिला प्रचंड भूक लागते, आणि त्याच वेळी ती आमिषावर सर्वांत आधी धावते. आत मांस मात्र अजून भरलेले नसते. म्हणजे आमिष लावून पकडताना पोकळ माल थोडा जास्तच येणार. अमावास्या-पौर्णिमेचा हिशेब मांडणारे मांडोत. आम्ही अंगठ्यावर विश्वास ठेवतो. पोटाकडून, मागच्या पायाच्या मुळाशी कवच दाबा. दबले तर पोकळ. अशी कुर्ली सोडा, किंवा सोय असेल तर वेगवेगळ्या खणांत ठेवून तीन-चार आठवडे वजनाच्या ५ ते १० टक्के स्वस्त मासळी रोज घाला. एकत्र ठेवल्या तर त्यातली सर्वांत मोठीच तेवढी भरेल.

प्रश्न: मी मेरीलँडला राहतो. इथला दोन मजली तारेचा पिंजरा गावी गुहागरला करून द्यावा असा विचार आहे. चालेल?
— वाचक, अमेरिका

तो पिंजरा बेंजामिन लुईस यांनी व्हर्जिनियात तयार केला, १९२८मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याची युक्ती अशी: खालच्या मजल्यावर आमिषाची नळी आणि बाजूंना दारे. खाऊन झाल्यावर किंवा घाबरल्यावर तिकडची निळी चिंबोरी वर पोहते, मधल्या पडद्याच्या फटीतून वरच्या मजल्यावर जाते आणि तिथून खाली येण्याची वाट तिला सापडत नाही. म्हणजे ते यंत्र तिच्या पोहण्यावर चालते. आपल्या चिखलातल्या चिंबोरीलाही मागचे पाय वल्ह्यासारखे आहेत, पण अडकल्यावर ती तळाने, भिंतीला घासत फिरते. वरचा मजला तिच्यासाठी रिकामाच राहील, आणि दोन फूट उंचीचे ते खोके उधाणात लोळेल ते वेगळेच. त्यातून एकच गोष्ट उचला: खालून भरायची, झाकणाची, बारीक जाळीची आमिष-नळी. केंडाला ती फोडता येत नाही.

तिकडे स्वतःच्या घाटावर लावत असाल तर एका मालमत्तेला दोनच पिंजरे, दारांवर कासवांना अडवणारी चौकट आणि मादी परत सोडणे हे नियम पाळावे लागतातच.

प्रश्न: दोरी तुटून पिंजरा गेला तर तो पाण्यात मारतच राहतो म्हणतात. उपाय?
— वाचक, वेंगुर्ले

खरे आहे. आत मेलेली चिंबोरी पुढच्यासाठी आमिष होते, आणि प्लास्टिकची जाळी वर्षानुवर्षे टिकते. अलास्कात यासाठी पिंजऱ्याच्या भिंतीतला एक भाग १०० टक्के सुती दोऱ्याने शिवावा लागतो. दोरा कुजला की ती बाजू उघडते. आपल्याकडे बारीक सुतळी हेच काम करते. काथ्या वापरू नका, तो खाऱ्या पाण्यातच जास्त टिकतो. बिनदाराच्या एका बाजूला २० × १५ सेंमीचा पडदा तीन बाजूंनी कापा, कडांना जाड दोरा ओवा आणि सुतळीच्या एकाच टाक्याच्या रांगेने शिवून टाका. पडद्याची एक शिवलेली कड तळाशी हवी. सुतळी किती दिवस टिकते ते खाडीगणिक बदलते, म्हणून पहिल्या वेळी तिचा एक तुकडा जेट्टीच्या खांबाला पाण्याखाली बांधून ठेवा आणि आठवड्याला ओढून पाहा. तो जितक्या दिवसांत तुटेल त्याच्या निम्म्या दिवसांनी पिंजऱ्यावरची सुतळी बदलत चला.